लिप बामला घाम फुटतो तेव्हा

प्रश्न : ताई, मी घरी लिप बाम करून बहिणींना, मैत्रिणींना देते. खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण घालून केलेला पहिला घाणा छान जमला. या वेळी खोबरेलाऐवजी एरंडेल घातलं, तर आठवड्याभरात डब्यांत वर तेलाचे थेंब जमले. मेण तेच होतं, ऑनलाइन मागवलेले पांढरे दाणे, वर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं. आमच्याकडच्या उन्हामुळे झालं का? सून म्हणते, बाजारातल्या बाममध्ये पेट्रोलियमचं मेण असतं, त्यापेक्षा हे बरं. ते खरंच इतकं वाईट असतं का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : चंद्रपूरच्या मे महिन्याला दोष देण्याआधी मी तुमच्या मेणाकडे बोट दाखवीन. लिपस्टिकच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते, तेव्हा एका सकाळी खोकी उघडली तर प्रत्येक कांडीच्या टोकावर टाचणीच्या माथ्याएवढा तेलाचा थेंब. याला आम्ही 'घाम' म्हणायचो. दोन दिवस रंग तपासले, साचे तपासले, गोदामातल्या गरमीवरून भांडलो. शेवटी गोणीतलं मेण काढलं. पुरवठादाराने मधमाश्यांच्या मेणात पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासून निघणारं मेण, मिसळलं होतं.

एरंडेलाचं आणि पॅराफिनचं पटत नाही. गरम असताना दोन्ही एकजीव दिसतात, पण थंड झालं की एरंडेल हळूहळू बाहेर ढकललं जातं. खोबरेलाचं मात्र पॅराफिनशी बरं जमतं, म्हणून तुमच्या पहिल्या घाण्यात हे पाप झाकलं गेलं असावं. आम्ही असं मेण अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर, म्हणजे एका तीव्र अल्कलीबरोबर, उकळायचो. मेण शुद्ध असेल तर ते द्रावण 65 अंशांपर्यंत उतरलं तरी नितळ राहतं. पॅराफिन असेल तर त्याआधीच गढुळतं. घरी हा उद्योग नको. त्याऐवजी थोडं मेण वितळवून त्याची वडी पाडा, फ्रीजमध्ये गार करून मोडून बघा. अस्सल मेण मोडलेल्या जागी निस्तेज, रवाळ दिसतं; भेसळीचं बोटाला तेलकट, बुळबुळीत लागतं. पांढरा रंग म्हणजे भेसळ असं मात्र नाही, पिवळं मेण विरंजन करून पांढरं करतातच.

आता सूनबाईंचा मुद्दा. सौंदर्यप्रसाधनांसाठी नीट शुद्ध केलेलं पॅराफिन त्वचेला काही करत नाही, खवटही होत नाही. त्याचंच भावंड असलेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण तर तेल असं धरून ठेवतं की घाम फुटू नये म्हणून आम्ही तेच घालायचो. माझा राग पॅराफिनवर नाही, ते मधमाशीच्या नावाने विकणाऱ्यावर आहे. डबीवर 'सेरा आल्बा' असेल तर ते मधमाशीचं, 'सेरा मायक्रोक्रिस्टॅलिना' असेल तर खनिज तेलातलं.

उन्हाचाही थोडा वाटा आहेच. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण त्यात तिप्पट तेल घातलं की बाम त्याच्या बराच आधी ढिला पडतो. माझी आजी कुंकवाखाली लावायचं मेण घरीच करायची. वाफेवर वाटी ठेवून मेण आणि खोबरेल. थंडीत तेल सढळ हाताने, चैत्र लागला की हात आखडता. तुम्हीही तेच करा. शिवाय 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅम कार्नौबा घाला. हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पानं वाळवून झोडपली की ते भुकटीसारखं सुटतं. 80 अंशांच्या वर वितळतं, म्हणून एवढंसंही पुरतं. जास्त घातलंत तर बाम ओठांवर घासेल. 22 ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि बाकी तेल. कोकणातलं कोणी ओळखीचं असेल तर तेलातला काही भाग भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घाला. फुटलेल्या ओठांना त्याच्यासारखं दुसरं नाही.

प्रश्न : मेणबत्त्या वितळवून बाम केला तर?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नको गं. ते मेण जाळायच्या हिशेबाने शुद्ध केलेलं असतं, वर रंग आणि वास घातलेला. ओठांवरचं थोडंथोडं आपण दिवसभर गिळतच असतो. बाजारात कॉस्मेटिक ग्रेडचं मेण सुटं मिळतं, 100 ग्रॅम आण, वर्षभर पुरेल.