ऑटोबानवर निघायच्या आधी आरसा बघायला शिक

भाऊ, मार्चमध्ये स्टुटगार्टला येतोय, आपलं लायसन्स चालतं का आणि ऑटोबानवर, म्हणजे इकडच्या हायवेवर, खरंच स्पीड लिमिट नसते का, असं विचारलंस ना. मी शिरपूरचा, नऊ वर्षं झाली जर्मनीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लायसन्सचं आधी. राहायला आल्यापासून सहा महिने आपलं चालतं, सोबत भाषांतर ठेव. नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावे लागतात, डोळ्यांची तपासणी आणि फर्स्ट एडचा कोर्स वेगळा. थिअरी इंग्रजीतून देता येते. आपल्यासारख्यांना ठराविक तासांच्या क्लासची सक्ती नाही पण तू घे, मी म्हटलं आग्रा रोडवर दहा वर्षं गाडी हाकली मला काय शिकवणार, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला नापास. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघितलं नाही म्हणून. घरी सांगायची पण लाज वाटली भो.

आता स्पीड. गावात 50, गावाबाहेर साध्या रस्त्यावर 100. ऑटोबानवर पण पुष्कळ ठिकाणी 120 नाहीतर 100 चा बोर्ड असतो, काम चालू असलं की 80, 60. जिथे बोर्डच नाही तिथे 130 ची शिफारस, 1978 पासून आहे ती. त्याच्यावर गेलास तर दंड नाही, पण 170 ला असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असूनही भरपाईचा थोडा वाटा तुझ्या गळ्यात पडू शकतो.

आपल्याकडे धुळे-शिरपूर पट्ट्यात केळीचा ट्रक उजवी लेन धरून 50 ने चाललेला असतो, हॉर्न मारा डिपर मारा हलत नाही, मग आपण डावीकडून काढतो. ती सवय तिकडेच सोडून ये. इकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि झालं की लगेच परत उजवीकडे.

पहिल्याच महिन्यात 110 ने चाललो होतो, आरशात लांब एक ठिपका दिसला, म्हटलं भरपूर टाइम आहे आणि घुसलो डाव्या लेनमध्ये. तो ठिपका 200 च्या आसपास असणार. हिशोब कर, फरक 90 चा म्हणजे सेकंदाला 25 मीटर, पाव किलोमीटर मागची गाडी 10 सेकंदात डिक्कीला चिकटते. तेव्हापासून आरशात दोनदा बघतो, ठिपका मोठा होतोय का ते.

पुढच्या गाडीपासून ठेवायचं अंतर सोपं आहे, स्पीडच्या आकड्याचं अर्धं मीटरमध्ये, 130 ला 65. कडेचे पांढरे खुंट 50 मीटरवर असतात, त्यावरून अंदाज येतो. ट्रॅफिक तुंबला की अगदी डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मधून अँब्युलन्स जाते. गाडी पूर्ण थांबायच्या आधीच सरकायचं. आणि पेट्रोल बघून निघ, ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबलास तरी दंड होतो.

परीक्षेत मान जरा जास्तच वळव, एक्झामिनरला दिसली पाहिजे.