शाळेतल्या मुलांना आपल्या नदीची, शिवाराची ओढ कशी लावायची?

तुम्ही विचारलंय की, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला शिकवता, पर्यावरण दिनाला झाडं लावली, घोषवाक्यं रंगवली, गावातून फेरी काढली. तरी मधल्या सुट्टीत तीच मुलं खाऊची पाकिटं ओढ्यात टाकतात आणि साप दिसला की दगड घेऊन धावतात. मग नदी, जमीन, पशुपक्षी यांच्याबद्दल मुलांना आतून काही वाटावं म्हणून नेमकं करायचं काय?

मी कऱ्हाड तालुक्यात एकोणीस वर्षं शिकवतेय. गावाखालून ओढा जातो, पुढे तो कृष्णेला मिळतो. तुम्ही करताय ते सगळं मीही कितीतरी वर्षं केलं. फरक पडला तो एकाच गोष्टीने: मुलांना एकाच जागी, वर्षभर, पुन्हा पुन्हा घेऊन गेले. ओळख झाल्याशिवाय माया लागत नाही. माणसांचं तसं, ओढ्याचंही तसंच.

विषय आपल्याकडे आहेच. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं होतं. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आली. माझी सातवीची मुलं ‘जलप्रदूषणाची कारणे’ पाच गुणांना पाठ लिहायची. त्यांना एकदा विचारलं, आपल्या ओढ्यातल्या तीन माशांची नावं सांगा. वर्ग गप्प. शेवटी कोळ्याच्या घरातल्या एका पोराने मरळ, वाम, खडशी अशी घडाघडा नावं सांगितली. तोवर तो वर्गात ‘मागे पडलेला’ म्हणून धरला जायचा.

तर जागा निवडा. आमची पुलाखालची पन्नास पावलं आहेत. दर एक आड एक शनिवारी, सकाळच्या शाळेत, पाऊण तास. पुलाच्या खांबावर ऑइलपेंटने वीत-वीत अंतरावर खुणा केल्यात, त्यावरून पाणी किती ते लिहायचं. पांढऱ्या ताटलीला भोक पाडून, खाली दगड बांधून ती दोरीने पाण्यात सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. हे पाण्याच्या गढूळपणाचं माप. मग कोण कोण दिसलं: खंड्या, ढोकरी, पाणकावळा, शेकाट्या. नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं आणि आपणच तात्पुरतं नाव द्यायचं. वहीत तारीख हवीच. तारखेशिवायच्या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त रमतात ती दगड उलटून बघण्यात. वाहत्या पाण्यातला मूठभर आकाराचा दगड हळूच उचलायचा, पांढऱ्या ताटात पाणी घेऊन त्यात धरायचा आणि मऊ ब्रशने खालची बाजू पुसायची. आधी काहीच दिसत नाही, नुसता गाळ. मिनिटभर ताट हलवलं नाही की गाळ चालायला लागतो. तीन शेपट्यांचे चपटे, नखाएवढे किडे सरपटतात, त्यांना मेफ्लाय म्हणतात. एखादी अळी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली असते, डोकं तेवढं बाहेर. चतुराचं पिल्लू असलं तर ते डासांच्या अळ्या गट्ट करताना दिसतं. हे तीन शेपट्यांचे किडे आणि नळीत राहणाऱ्या अळ्या पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तिथेच टिकतात. गावाच्या खालच्या अंगाला, गटार मिळतं त्याच्या पुढे तोच खेळ केला, तर ताटात वळवळतात लालभडक बारीक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही त्या जगतात. दोन ताटं शेजारी ठेवली की मला काही बोलावं लागत नाही. ‘मधी काय झालं?’ हे मुलंच विचारतात.

मग सांगायचं: सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. नदीत अंघोळ करायची तर लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. उन्हाळ्यात मासे मरून वर का येतात, हे इतकं सांगितलं की सहावीच्या मुलाला पुरेपूर कळतं.

पण हे दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्षभर घाणीचा विषय मी काढतच नाही, आणि तुम्हालाही कळकळीने सांगते, काढू नका. दहा वर्षांच्या मुलाची ओढ्याशी पहिली भेटच ‘बघा किती घाण झालाय’ अशी करून दिली तर ते नाक दाबून मागे सरकतं आणि मग मागेच राहतं.

एकदा एप्रिलमध्ये टिटवी डोक्यावर झेपा घेत ओरडत होती. मुलं गोट्यांमधून चालली होती. एक मुलगी एकदम थांबली, पाय वर उचललेला तसाच धरून म्हणाली, “बाई, ह्यो दगड न्हाई, अंडं हाय.” तिच्या पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती, टोकं आत करून मांडलेली, वाळूच्या रंगाची, काळे ठिपके. घरटं असं नाहीच, नुसता खळगा. आम्ही लांब जाऊन पुलाच्या सावलीत बसलो. थोड्या वेळाने टिटवी पाण्यात उतरली, पोट भिजवलं आणि येऊन अंड्यांवर बसली. ऊन तापलं की ती ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. ते त्या दिवशी पंचवीस मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढचे तीन आठवडे तिथून कुणी ट्रॅक्टर वाळूत उतरवू नये म्हणून ही पोरं संध्याकाळी आळीपाळीने जाऊन बसत होती. मी सांगितलेलं नव्हतं.

सापाचंही तसंच झालं. ओढ्यात सापडणारा बहुतेक साप दिवड असतो. बेडूक-मासे खातो, चिडला तर चावतो, पण विष नाही. आपल्याकडे माणूस दगावतो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. ही चार चित्रं वर्गात लावा आणि शेजारी दिवड, धामण लावा. मात्र मुलांना एकच नियम द्या: ओळखू आला तरी हात लावायचा नाही, दहा पावलं मागे व्हायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. चावलाच तर मांत्रिक नाही, थेट दवाखाना. ओळख पटवण्याचं शिकवताना धीटपणा अंगाशी येऊ नये, ही जबाबदारी आपली.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नका. मी मुलांना आजीला विचारायला एकच प्रश्न दिला: तुम्ही लहानपणी पाणी कुठून आणायचा? दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्यांत एकच उत्तर होतं. ओढ्याच्या वाळूत हाताने झरा उकरायचा, पाणी निवळलं की वाटीने घागर भरायची. मुलं लगेच निघाली झरा उकरायला. बोटभर वाळूखाली कातळ लागला. वाळू पाणी धरून ठेवते, गाळून देते, आणि ती ट्रॅक्टर भरभरून गेली होती. एका मुलाने वहीत लिहिलं, “आजीचा झरा घरांच्या भिंतीत गेला.” वाळूउपशावर मी दहा धडे घेतले असते तरी हे वाक्य मला सुचलं नसतं.

आता जमिनीबद्दल. इथे माझी एक चूक सांगते, कारण तुमच्याकडूनही ती होऊ शकते. आमचा भाग उसाचा. तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात. मी वर्गात सांगितलं, पाचट जाळणं वाईट. एका मुलीने घरी जाऊन वडिलांना तसंच ऐकवलं. ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले, फार दुखावलेले होते. म्हणाले, “खोडव्याला पाणी द्यायचं तर सरी तुंबती, उंदीर-सापाचं भ्या, माणसं मिळत न्हाईत. बाई, तुमी एक दिस येऊन बगा.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडातून फुटणारं पुढचं पीक. त्यांचं बरोबर होतं. मुलांना उपदेशक करून घरी पाठवणं हा मुलांवरही अन्याय आणि घरच्यांवरही.

मी खरंच गेले, मुलांना घेऊन. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सगळं हलवायचं म्हणजे खेळ नाही. मग त्यांनीच तोड सुचवली: एका कोपऱ्यात एक आड एक सरीत पाचट दाबायचं, मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं, आणि दुसऱ्या कोपऱ्यात नेहमीसारखं जाळायचं. आम्ही जुन्या सुती धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे कापून दोन्हीकडे वीतभर खोल पुरले, खुणेला काठ्या रोवल्या. सुती कापड म्हणजे मातीतल्या जिवांचं खाणंच. दोन महिन्यांनी उकरलं. जाळलेल्या कोपऱ्यातला तुकडा धुऊन परत वापरता आला असता. पाचटाखालचा बोटांना धरवेना, जाळी झाली होती आणि तिच्यात गांडूळ गुंडाळलेलं. वडिलांनी ती जाळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी अर्ध्या एकरात पाचट ठेवलं. सगळ्या रानात नाही, अर्ध्या एकरात.

ऊसपट्ट्यात असाल तर बिबट्याबद्दल बोलावंच लागेल. तोडणीत पिल्लं सापडतात, लोक उचलून घरी आणतात, फोटो काढतात, आणि मादी रात्री शोधत फिरते. मुलांना इतकं पक्कं ठाऊक हवं: पिल्लं जिथे आहेत तिथेच राहू द्यायची, तोड थांबवायची, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी ठेवून रात्री आईशी भेट घालून देतात. बऱ्याचदा ती पिल्लं रानमांजराची निघतात, तरी नियम तोच. आणि एकट्याने, अंधारात, उसाच्या कडेला खाली बसायचं नाही, हेही सांगा. भीती खरी आहे, ती उडवून लावू नका.

झाडांचं थोडक्यात: शंभर लावून होळीपर्यंत वाळवण्यापेक्षा पाच लावून तीन उन्हाळे पाणी घाला. ओढ्याकाठी उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज लावा, गुलमोहर नको.

मोठी झालेली मुलं एक दिवस विचारतील, पाकीट आम्ही टाकलं ते चूक, पण एवढं गटार कुणी सोडलं? तेव्हा खरं सांगा. नदीला सगळ्यात जास्त नासवतं ते गावा-शहरांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी. आमच्या मुलांनी तीन वर्षांच्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्या. सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांचा ठराव झाला, काही घरांपुढे खड्डे झाले, काहींपुढे अजून व्हायचेत. नोंदी चालू आहेत.

काळजीच्या गोष्टी: पालकांची लेखी संमती, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पाणी घोट्याच्या वर असेल तर काठावरूनच बघायचं, पायाला जखम असलेल्याने पाण्यात उतरायचं नाही (लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते), आल्यावर साबणाने हातपाय. पावसाळ्यात नोंदी पुलावरून.

वेळ कुठून काढायचा म्हणाल, तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवलेच आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सुरुवातीला तोच धरा. तेव्हा पाऊस सरलेला असतो, पाणी निवळलेलं असतं, थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात.

पहिल्या दोन फेऱ्यांना मुलं नुसता दंगा करतील. करू द्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुणीतरी एक पोर बाजूला बसून पाण्याकडे बघत असेल. शाळेत परत आल्यावर सगळ्यात आधी त्याची वही वाचा.