आईला घरात अनोळखी माणसं दिसतात, म्हणजे वेड लागतंय का?

आई 78 वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, वयोमानाने खराब झालेला. पेपरातले मथळेसुद्धा लागत नाहीत. काही महिन्यांपासून संध्याकाळी त्यांना हॉलमध्ये जरीची टोपडी घातलेली वीतभर उंचीची माणसं दिसू लागली. कधी भिंतभर विटांची जाळी. घरात कुणी बाहेरची बाधा म्हटलं, कुणी स्मृतिभ्रंश. मुलाचा प्रश्न एकच, "आईला वेड लागतंय का हो?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी आईंशी आधी एकटीशी बोलावं लागतं. मुला-सुनेसमोर म्हातारी माणसं "काही नाही, डोळ्यांना अंधारी येते" म्हणून विषय टाळतात. विचारायचं ते नेमकं. ती माणसं बोलतात का? नाही, मुकी असतात. ओळखीची आहेत का? नाही. ती खरी नाहीत हे कळतं का? "कळतं की. पण सांगू कुणाला?" तारीख-वार, औषधांच्या वेळा, दूधवाल्याचा हिशोब, सगळं चोख.

या उत्तरांवरून चार्ल्स बॉने सिंड्रोमची शक्यता ठळक झाली, म्हणजे नजर अधू झाल्यावर बुद्धी शाबूत असतानाही नसलेल्या गोष्टी दिसणं. हे वेड नव्हे. जिनिव्हाच्या बॉने या निसर्ग-अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. नव्वदीच्या घरातले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, बुद्धी शाबूत. आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत.

मुलाला कारण समजावताना एक वहीचा रेघी कागद कामी आला. एका रेघेवर डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फक्त फुलीकडे बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण 30 सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो. पडद्यावर दृष्टीची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, हे त्याचं कारण. गंमत पुढे आहे. तिथे काळं भोक दिसत नाही, रेघ अखंड दिसते. ती रेघ कॉर्टेक्सने आजूबाजूच्या रेघेवरून स्वतः भरलेली असते.

कॉर्टेक्स म्हणजे मेंदूवरचा 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा, बहुतांश भागात सहा थरांचा पापुद्रा. डोळ्याकडून आलेली माहिती डोक्याच्या मागच्या भागात उतरते आणि तिथून पुढे चेहरे, रंग, हालचाल ओळखणाऱ्या भागांकडे जाते. पण या पुढच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या भागांकडून उलट खाली येणारे धागेही भरपूर असतात. त्यांच्या कामाबद्दल आज बऱ्याच संशोधकांना पटणारी मांडणी अशी: वरून अंदाज येतो, "इथे आता हे असेल", आणि खालून मुख्यतः चूक तेवढी कळवली जाते. डोळा अधू झाला की ही दुरुस्ती थांबते. शिवाय माहिती न मिळालेल्या पेशी जास्त उत्तेजित होऊन आपोआप पेटू लागतात. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे मेंदू-स्कॅन प्रसिद्ध केले. रंग दिसताना रंगाचा भाग सक्रिय, चेहरे दिसताना चेहऱ्यांचा. म्हणून आकृत्या इतक्या रेखीव असतात, आणि बिघाड फक्त दृष्टीच्या वाटेवर असल्यामुळे मुक्या.

तरीही निदान खुर्चीत बसून करायचं नसतं. नेत्रतज्ज्ञांची तपासणी हवीच. मोतीबिंदू काढून नजर सुधारली की भास कमी होऊ शकतात. फिजिशियनकडे रक्तातलं सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग आणि औषधांची पूर्ण यादी तपासून घ्यावी. लघवी रोखण्यासाठीच्या किंवा सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्यांना भास होतात, आणि त्या गोळ्या यादीत सांगायच्या राहून जातात.

आईंना सांगितलेले उपाय साधे होते. तिन्हीसांजेला अंधूक उजेडात बसायचं नाही. दिवा आधीच लावायचा, रेडिओ चालू ठेवायचा. आकृती दिसली की डोकं स्थिर ठेवून नजर झपाझप डावीकडे-उजवीकडे, 15 ते 30 सेकंद. नाही गेली तर तिच्याकडे थेट रोखून बघायचं, पापण्या मिटून उघडायच्या किंवा हात पुढे करायचा. प्रत्येकाला वेगळी युक्ती लागू पडते. आईंच्या बाबतीत हात पुढे करणं चाललं. हमखास गोळी यावर नाही, आणि मनोविकाराची औषधं स्वतःच्या मनाने सुरू करणं धोक्याचं. म्हाताऱ्या माणसांत त्यांनी तोल जाऊन पडण्याची भीती वाढते.

घरच्यांनी "तिथे काहीच नाही" म्हणून वाद घालू नये आणि "हो, आहेत" म्हणून होकारही भरू नये. "आज काय दिसतंय?" एवढं पुरे. आईंचे भास पूर्ण गेले नाहीत. काहींचे दीड-दोन वर्षांत विरळ होतात, काहींचे बरीच वर्षं राहतात. पण त्या आता सुनेला मोकळेपणाने सांगतात.

आवाज ऐकू येऊ लागले, आकृत्या खऱ्या वाटून त्यांच्यासाठी ताट वाढलं जाऊ लागलं, हात थरथरू लागले, झोपेत हातपाय झाडले जाऊ लागले किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर ही गोष्ट वेगळी. अचानक गोंधळ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, बाकीच्या लक्षणांसाठी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्यावी.