पिस्तुलाचं मॅगझिन (काडतुसांची डबी) भरून ठेवलं तर त्यातली स्प्रिंग मरते का?

भाऊ, नुसतं भरून ठेवल्याने चांगली स्प्रिंग मरत नाही. नवी स्प्रिंग सुरुवातीला किंचित आखूड होते, मग तिथेच थांबते. ती थकते ती सारखी दाबून-सोडून, म्हणून रोज रात्री मॅगझिन रिकामं करत बसू नकोस.

माझी नजर आधी मॅगझिनच्या ओठांवर जाते, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडांवर. त्या जराशा जरी फाकल्या तरी काडतूस तिरकं वर येतं आणि पिस्तूल अडतं. शेवटचं काडतूस अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागत असेल तर एक कमी भर. सगळी काडतुसं संपल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, मागे अडकेनाशी झाली, तर आधी स्प्रिंगवर संशय घे आणि बदलून टाक. आणि हो, भरलेलं मॅगझिन पिस्तुलापासून वेगळं, कुलुपातच ठेव. घरात पोरं आहेत.