‘इंग्रजी सगळं कळतं, पण बोलवत नाही’

माझ्याकडे कुडाळला येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तक्रारींत ही एक ठरलेली. इंग्रजी वाचता येतं, सिनेमा कळतो, व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिताही येतात. पण समोर माणूस बसला आणि त्याने साधा प्रश्न विचारला की डोकं रिकामं. मग हा सल्ला मिळतो: मित्रमैत्रिणींशी इंग्रजीत बोला, सवय होईल. तोही करून झालेला असतो. चार दिवस टिकतो.

यातली एक केस सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे. ती नर्स आहे, म्हणून तिला सिस्टरच म्हणू. वेंगुर्ल्याकडची, वय तिशीच्या आत, एका खासगी दवाखान्यात नोकरी. तिला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची अट अशी की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत 7 बँड, म्हणजे 9 पैकी 7 गुण, हवेत, लेखनात 6.5 चालतात. सिस्टर दोनदा परीक्षा देऊन आली होती आणि दोन्ही वेळा बोलण्यात 6 वर थांबली होती.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, ‘माका सगळा कळता मॅडम, वाचूक पण येता. पण कोणी समोर बसलो काय तोंडच उघडत नाय.’ हे सांगताना तिचं तोंड अर्धा तास बंद नव्हतं. एसटी कशी चुकली, वाटेत कोण भेटली, त्या बाईने सुनेबद्दल काय सांगितलं, सगळं हातवाऱ्यांसकट. मी मनात म्हटलं, बोलण्याची अडचण असलेली ही बाई नव्हे.

मी तिला परीक्षेतलाच एक प्रश्न इंग्रजीत विचारला. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिच्या पहिल्या भागात घर, काम, आवडी असले ओळखीचेच विषय येतात. मैत्रिणींशी गप्पा मारायला आवडतात का, कशाबद्दल मारता, एकीशी की घोळक्यात, हे त्यातलेच. सिस्टर खुर्चीत ताठ झाली, नजर छताकडे गेली आणि वेगळ्याच आवाजात सुरू झाली: ‘चॅटिंग इज अ वंडरफुल वे टू एक्स्चेंज आयडियाज. वी युज्वली मीट ॲट अ कॉफी शॉप ॲन्ड डिस्कस करंट अफेअर्स.’

मी विचारलं, ‘कुठलं गं हे कॉफी शॉप?’

ती हसायलाच लागली. उत्तर क्लासमधल्या नोट्समधलं होतं. तिच्या मैत्रिणी भेटतात त्या नाइट ड्युटी सुटल्यावर स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, तेही पहिली गाडी लागेपर्यंत. करंट अफेअर्स म्हणजे कुणाची ड्युटी कुणी बदलून घेतली.

इथे परीक्षा कशी चालते हे माहीत असणं उपयोगाचं. परीक्षक चार गोष्टी सारख्या वजनाने मोजतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक, तुमच्या मैत्रिणी काय दर्जाच्या विषयांवर बोलतात, याला गुण नाहीत. पाठ केलेलं उत्तर ओळखण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना असतं. आणि ते उत्तर खरा घात करतं तो पुढच्या प्रश्नाला. परीक्षकाने नुसतं ‘व्हाय?’ म्हटलं की सिस्टरचं कॉफी शॉप कोसळायचं, कारण ‘व्हाय’चं उत्तर नोट्समध्ये नव्हतं. तिथे ती गप्प व्हायची आणि त्या गप्प होण्याला ती ‘माझं इंग्रजी कच्चं’ असं नाव द्यायची.

तिच्या घरी काका दशावतारात काम करतात. मी तिला विचारलं, काका संवाद कुठून पाठ करतात? ती म्हणाली, ‘पाठ खंय करतत? कथा ठावक असता, बोलणा थंयच सुचता.’ मग मला फार समजावावं लागलं नाही. तिच्याकडे संवाद होते, कथा नव्हती.

म्हणून आम्ही महिनाभर इंग्रजीला हातच लावला नाही, असं म्हटलं तरी चालेल. तिने फक्त टिपून ठेवायचं: या आठवड्यात मैत्रिणींशी खरंच काय बोललीस? यादी झकास निघाली. गोव्यात नोकरीला असलेल्या मैत्रिणीची घरमालकीण. एकीचं जमत आलेलं आणि मोडलेलं लग्न. बांगड्याचा भाव. सासूला मोबाइल कसा शिकवावा. त्यातलं एकेक उचलून मी तिला तोच परीक्षेचा प्रश्न पुन्हा विचारला. तिचं उत्तर असं आलं: ‘मोस्टली वी कम्प्लेन. अबाऊट नाइट ड्युटी, अबाऊट द प्राइस ऑफ फिश. इन जून देअर इज नो फिशिंग, सो वी कम्प्लेन मोअर.’ मी ‘व्हाय’ विचारल्यावर पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर, बाजारात परगावची मासळी आणि तिचा भाव ऐकून आई कशी परत फिरते, हे ती न थांबता सांगत सुटली. दोन ठिकाणी काळ चुकला. चुकू दे. 7 बँडच्या निकषांतसुद्धा व्याकरणाच्या काही चुका राहतात हे धरलेलंच आहे, मधूनमधून अडखळणंही मान्य आहे. सिस्टरला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एकही चूक होता कामा नये, या धाकात ती प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मगच बाहेर सोडायची.

आता मैत्रिणींशी इंग्रजीत बोलण्याबद्दल. हा सल्ला मला आपल्याकडे फारसा पटत नाही. सिस्टरने तो घोळक्यात करून पाहिला होता. पहिल्याच दिवशी ‘काय गो, लंडनाक पोचलंस वाटता?’ झालं आणि दुसऱ्या दिवसापासून तिने विषयच काढला नाही. मैत्रिणींना मी दोष देणार नाही. स्टँडवरची गजाल, म्हणजे गप्पा, ही थकवा उतरवण्याची जागा, तिथे कुणीतरी एकदम परीक्षेच्या भाषेत शिरलं की बाकीच्यांना आपण मागे पडल्यासारखं वाटतं, आणि चेष्टा हा त्यावरचा सोपा इलाज. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक होर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये परभाषेच्या धास्तीवर जो अभ्यास मांडला, त्यात या धास्तीशी जोडलेल्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक काय म्हणतील ही भीती. सिस्टरला तिसरी सगळ्यात जड होती, आणि घोळक्यातला सराव नेमका तिलाच खतपाणी घालत होता.

त्यामुळे गजाली मालवणीतच राहू दिल्या. इंग्रजी नंतर. एक गजाल निवडायची आणि तीच तीनदा सांगायची: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. भाषा शिकवणाऱ्यांत ही पद्धत 4/3/2 या नावाने जुनी आहे. मूळ पद्धतीत दरवेळी ऐकणारा नवा असतो. सिस्टरने पहिल्यांदा गोव्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, दुसऱ्यांदा धाकट्या बहिणीला, तिसऱ्यांदा फोनच्या रेकॉर्डरला. ऐकणाऱ्यांना एकच अट: मध्ये दुरुस्ती करायची नाही. वेळ कमी होत गेला की नवे शब्द येतात असं नाही, पण गोष्ट तीच असल्यामुळे ‘काय बोलू’ हा भार उतरतो आणि सगळं लक्ष ‘कसं बोलू’कडे जातं. मधले ‘अं… अं…’ आपोआप गळतात. रेकॉर्डिंग मात्र तिने स्वतः ऐकायचं आणि एका वेळी एकच चूक धरायची. तिची पहिली चूक म्हणजे भूतकाळात सुरू केलेली गोष्ट मध्येच वर्तमानकाळात घसरणं. महिनाभर तीच धरली. क्लासमध्ये शिकवलेला इंग्रजाळलेला हेल तिने स्वतःहूनच सोडला. मालवणी वळणाचा उच्चार असला म्हणून गुण जात नाहीत, ऐकणाऱ्याला नीट कळलं पाहिजे एवढंच.

पाठांतर सगळीकडे वाईट, असा अर्थ मात्र काढू नका. रत्नागिरीकडची मुलं जहाजावर जातात, त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेली ठरावीक इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी पाठ हवीत. अंधारात दोन जहाजं जवळ येत असताना स्वतःची शैली कुणाला नको असते. पण गप्पांबद्दलचा प्रश्न हा तसा प्रसंग नव्हे. गोव्यातल्या हॉटेलच्या मुलाखतीतही ‘टेल मी अबाऊट युअरसेल्फ’ला नोट्समधलं उत्तर दिलं की समोरचा पुढच्याच प्रश्नाला तुम्हाला पकडतो.

ही पद्धत कुणाला लागू नाही, तेही सांगते. ज्यांची साधी वाक्यरचनाच बसलेली नाही, त्यांनी आधी शिक्षक गाठावा. आणि छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रीची झोप जाणं हे इंग्रजीपुरतं नसून मराठीत चारचौघांत बोलतानाही होत असेल, तर तो भाषेचा प्रश्न नाही. जवळच्या समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

सिस्टरला तिसऱ्या वेळी बोलण्यात 7 मिळाले. परीक्षकाने मैत्रिणींबद्दल विचारलंच नाही, पावसाबद्दल विचारलं. त्यावर तिच्याकडे तोंडभर बोलण्यासारखं होतंच. लेखनात मात्र ती 6 वर अडकली आहे आणि त्यासाठी सध्या एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांकडे जाते. ते तिला निबंधात ‘वी कम्प्लेन’ लिहू देत नाहीत, अशी तिची माझ्याकडे तक्रार आहे.