अंगणातली पाटी आणि मांडवातला पाहुणा

"नमस्कार ताई. आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. मिस्टर कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत, त्यामुळे २००० साली पुण्याहून इथे आलो, तेव्हा लेक चार वर्षांची होती. आता ती तिशीला आली आहे आणि येत्या जूनमध्ये तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं लग्न आहे. मैत्रीण आयोवातल्या शेतकरी घरातली. आम्हाला हे पचायला दोन वर्षं लागली, खोटं सांगत नाही, पण आता मनापासून आनंद आहे. अडचण वेगळीच आहे. शेजारी सत्तरीतलं जोडपं आहे. आम्ही दोघं कामावर असायचो तेव्हा लेक शाळेतून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जायची, तिथेच तिचा गृहपाठ व्हायचा. पण त्यांच्या अंगणात तिन्ही निवडणुकांना ट्रम्पची पाटी होती. लेक म्हणते, त्यांना बोलवायचं नाही. मिस्टर म्हणतात, इथे नकोच, शिकागोला जाऊन लग्न लावू, तिथे कुणी काही बोलणार नाही. आणि विहीणबाई स्वतः रिपब्लिकन, त्यांचा सगळा गाव रिपब्लिकन, तरी त्या गावातून चाळीस माणसं घेऊन येणार आहेत. मला काही कळेनासं झालंय. माणसं अशी दोन्हीकडे कशी असतात?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळ्यात आधी तुमच्या लेकीला आणि होणाऱ्या सुनेला माझे आशीर्वाद. आता तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर नीट लागलं तर बाकीचं सोपं होईल.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत माणूस एकदाच खूण करतो, आणि त्या एका खुणेत महागाई, कर, सीमा, गर्भपात, बंदूक, चर्च, वडिलांचा पक्ष, सगळं कोंबलेलं असतं. लग्नाचा प्रश्न तिथे वेगळा विचारलेला नसतो. जेव्हा तो वेगळा विचारला जातो, तेव्हा उत्तर कधीकधी भलतंच येतं, आणि दोन्ही दिशांनी येतं. २००८ साली कॅलिफोर्नियाने ओबामांना ६१ टक्के मतं दिली आणि त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, समलिंगी विवाहावर बंदी घालणारा ठराव ५२ टक्क्यांनी मंजूर केला. म्हणजे ओबामांच्या कितीतरी मतदारांनी तुमच्या लेकीच्या विरोधात कौल दिला होता. त्या काळात डेमोक्रॅट पाटी बघून कुणी निर्धास्त राहिलं असतं, तर फसलं असतं.

आता उलटं बघा. २०२४ मध्ये कोलोरॅडोने राज्यघटनेतली जुनी बंदी काढून टाकली, ६४ टक्के मतांनी. तिथे कमला हॅरिस यांना ५४ टक्के मिळाली. मधली दहा टक्के कुठून आली? ज्यांनी हॅरिस यांना मत दिलं नाही, त्यांच्यातूनच. नेवाडाने २०२० मध्ये ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाह थेट राज्यघटनेत घातला, आणि चार वर्षांनी ते राज्य ट्रम्प यांच्याकडे गेलं.

तुमच्या व्याह्यांचं आयोवा तर या बाबतीत सगळ्यांत बोलकं. ३ एप्रिल २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. सगळ्या देशाला ती मिळाली २०१५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, म्हणजे आयोवा सहा वर्षं पुढे. आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मार्क कॅडी हे रिपब्लिकन गव्हर्नरने नेमलेले होते. लोक चिडले. २०१० मध्ये तीन न्यायाधीशांना मतदारांनी घरी बसवलं. पण दोन वर्षांनी चौथ्याची पाळी आली तेव्हा तो टिकला. तोवर लोकांनी आपल्या गल्लीत, आपल्या चर्चमध्ये ही जोडपी पाहिली होती, आणि कुणाचंच लग्न मोडलं नव्हतं. ओबामांना दोनदा निवडून देणारं हे राज्य पुढे तीनदा ट्रम्प यांच्यामागे गेलं. २०२२ मध्ये या विवाहांना संरक्षण देणारा कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा बारा रिपब्लिकन सिनेटरांनी त्याला होकार दिला. त्यात आयोवाच्या जोनी अर्न्स्ट होत्या आणि तुमच्या इंडियानाचे टॉड यंगही. विहीणबाईंची चाळीस माणसं या मातीतली आहेत. त्यांच्याकडे हे लग्न सतरा वर्षांचं जुनं झालंय.

आणि तुमचं कोलंबस! मिस्टरांना सांगा की ज्या गावाची त्यांना धास्ती वाटते, त्या गावाचा इतिहास त्यांनी एकदा वाचावा. हे ट्रम्प यांचे पहिल्या वेळचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांचं जन्मगाव, काउंटी म्हणजे जिल्हा तिन्ही वेळा ट्रम्प यांचा. पण इंडियानाच्या राज्यघटनेत विवाहबंदी घालायचा घाट घातला गेला तेव्हा त्याला उघड विरोध करणाऱ्यांत तुमची कमिन्स पुढे होती. ती बंदी घटनेत कधी गेलीच नाही. २०१५ मध्ये गव्हर्नर असलेल्या पेन्स यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाचा एक वादग्रस्त कायदा केला, त्याच्या आडून समलिंगी माणसांना सेवा नाकारली जाईल अशी भीती होती, तेव्हाही कंपनीने विरोध केला आणि आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी कोलंबसच्या नगरपरिषदेने आपल्या भेदभावबंदीच्या नियमात लैंगिक कल आणि लिंगओळख ही दोन्ही नावं घातली. २०१८ मध्ये गावात समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा पहिला प्राइड उत्सव झाला, तो भरवला बारावीतल्या एका मुलीने. पुण्याहून, कोथरूड-कर्वेनगरातून येऊन तुमच्यासारखी कितीतरी घरं ज्या गावात रुजली, ते गाव हे आहे. शिकागोला पळून जायचं काही कारण मला दिसत नाही. मुलींना शिकागो आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण भीतीपोटी नको. जिथे ती सायकल शिकली तिथे तिचं लग्न व्हावं, असं मला फार वाटतं.

तरीही मी तुम्हाला सगळं गोड गोड सांगणार नाही. २०२१-२२ मध्ये ५५ टक्के रिपब्लिकनांचा या विवाहांना पाठिंबा होता, तो गॅलप या संस्थेच्या पाहणीत २०२५ मध्ये ४१ टक्क्यांवर आला. म्हणजे दहातले चार बाजूने आणि त्याहून जास्त विरोधात. त्याच वर्षी सदर्न बॅप्टिस्ट या देशातल्या सगळ्यांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल उलटवावा असा ठराव केला. पाटी बघून माणूस वाईट ठरवू नये, तसा तो चांगलाही ठरवू नये. शेजारी कुणीकडचे आहेत ते पाटी सांगणार नाही. त्यांनाच विचारावं लागेल.

माझाच एक अनुभव सांगते. मी ओहायोत राहते. २०१९ मध्ये माझ्या भाच्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं लग्न आमच्या मागच्या अंगणात लागलं. पलीकडच्या घरात एक निवृत्त गृहस्थ होते, आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेले, अंगणात पाटी तीच. भाच्यानेच जाऊन त्यांना बोलावलं. ते आले. दारात बूट काढू का म्हणून विचारलं, आणि चपलांच्या ढिगाशेजारी स्वतःचे जाड बूट नीट जोडून ठेवले. अंतरपाट धरायला एका बाजूला माझे दीर उभे होते, पाच फूट तीन इंच, आणि दुसऱ्या बाजूचा मुलगा ऐन वेळी फुलं आणायला गेलेला. हे सहा फुटी गृहस्थ न सांगता पुढे झाले आणि त्यांनी शालूचं दुसरं टोक हातात घेतलं. अंतरपाट तिरका झाला. मंगलाष्टकं सुरू झाली तसे ते गुडघ्यात वाकून उभे राहिले, कापड सरळ यावं म्हणून, आणि पाचही मंगलाष्टकं संपेपर्यंत तसेच वाकून राहिले. त्यांचे गुडघे दुखरे होते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी पाटी पुन्हा लागली. त्यांचं मत बदललं नाही, आणि त्यांनी धरलेला अंतरपाटही मी विसरले नाही.

आता तुमच्या लेकीबद्दल. तुमच्या पत्रातली ही बाजू मला सगळ्यांत नाजूक वाटते. ती म्हणते बोलवायचं नाही, तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या सरकारला त्या शेजाऱ्यांनी मत दिलं, त्याच्या निर्णयांनी तिच्या ओळखीतल्या एखाद्याचं, विशेषतः ट्रान्स मित्रमैत्रिणींचं, आयुष्य अवघड झालं असेल. "ते तुझ्यावर प्रेम करतात ना, मग झालं" असं तिला म्हणू नका. प्रेम आणि मत यांचा हिशेब तिचा तिने मांडायचा आहे. लग्न तिचं, यादी तिची.

पण तिने ठरवण्याआधी तिच्याकडे खरी माहिती असावी, एवढं आई म्हणून तुम्ही करू शकता. आत्ता ती पाटीवरून अंदाज बांधते आहे. त्या काकूंच्या मनात काय आहे ते तिला माहीत नाही, तुम्हालाही नाही. तिला विचारा: "मी त्यांना तुझ्या लग्नाचं सांगू का?" तिचा होकार आल्याशिवाय मात्र एक शब्द बोलू नका. कुणाला सांगायचं हा हक्क तिचा. होकार आला तर आमंत्रणपत्रिका घेऊन जाऊ नका. नेहमीसारख्या जा, चहाला बसा आणि सरळ सांगा, लेकीचं लग्न ठरलं, मुलीशी ठरलं, नाव अमुक. मग गप्प राहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या काय विचारतात ते ऐका. "तारीख काय?" हे एक उत्तर. "तुम्ही कसं सहन करता?" हे दुसरं. दोन्ही लेकीला जसंच्या तसं सांगा, स्वतःच्या पदरचं न घालता. त्यानंतर ती जे ठरवेल ते तुम्ही मान्य करा, तुम्हाला वाईट वाटलं तरी. शेजाऱ्यांशी तुमचे संबंध तुमचे, ते तुम्ही राखू शकता. मांडव तिचा आहे.

ओहायोचे सिनेटर रॉब पोर्टमन आठवतात. रिपब्लिकन, या विवाहांच्या विरोधात मत दिलेले. मुलाने आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं, वडील दोन वर्षं विचार करत राहिले, आणि मार्च २०१३ मध्ये त्यांनी जाहीरपणे भूमिका बदलली. २०२२ च्या त्या बारा सिनेटरांत तेही होते. दोन वर्षं! तुम्हालाही दोनच लागली. शेजारच्या काकूंना तुम्ही अजून दोन मिनिटंही दिलेली नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण ते हलक्यात घेऊ नका. इंडियानात लग्नाचा परवाना काउंटी क्लर्ककडे मिळतो आणि तो ६० दिवस चालतो, म्हणून मार्चमध्ये काढून ठेवलात तर जूनला उपयोग नाही. समलिंगी जोडप्यांना तो ऑक्टोबर २०१४ पासून मिळतो आहे. राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात "एक पुरुष एक स्त्री" ही जुनी ओळ अजून छापलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालामुळे ती निष्प्रभ आहे. केंटकीतल्या एका माजी क्लर्कने तो निकाल उलटवायची मागणी केली होती, ती न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणीलाही घेतली नाही. उद्या तो निकाल गेलाच, तरी २०२२ च्या कायद्यामुळे आधी झालेलं लग्न केंद्राला आणि प्रत्येक राज्याला मानावं लागेल. नवे परवाने द्यायची सक्ती मात्र त्या कायद्यात नाही. यातून एवढंच घ्या की ज्यांना लग्न करायचंय त्यांनी ते रखडत ठेवू नये. मृत्युपत्र आणि आजारपणात निर्णय घ्यायचे अधिकारपत्र दोघींनी करून ठेवावं. पुढे मूल झालं तर जन्मदाखल्यावर दोन्ही आयांची नावं लागतात, त्यासाठी इंडियानातल्या आयांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं, २०२० मध्ये त्या जिंकल्या. तरीही दुसऱ्या आईने न्यायालयातून दत्तकविधान करून घ्यावं असं वकील सांगतात, आणि मीही तेच सांगेन.

भारतात हे लग्न कायद्याने धरलं जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करायला नकार दिला. दोघी पुण्याला आजीला भेटायला जातील तेव्हा तिथे त्या कायद्याच्या नजरेत नवविवाहित नसतील. २०१८ पासून त्या गुन्हेगारही नाहीत. आजीच्या घरी त्या कोण असतील ते आजी ठरवेल, आणि आजीला हे फोनवर सांगू नका, लेकीला घेऊन समोर बसून सांगा.

गुरुजींचं आत्ताच बघा. सगळे तयार होत नाहीत, काही अगदी आनंदाने येतात. फोनवर पहिल्याच वाक्यात दोन्ही वधू आहेत हे सांगा, म्हणजे मांडवात कुणाची पंचाईत होणार नाही. मुंडावळ्या दोघींना बांधा. विहीणबाईंच्या चाळीस माणसांना अक्षता कधी टाकायच्या ते आधी कळवा, नाहीतर ती बिचारी पहिल्याच "सावधान"ला मूठ रिकामी करतील. आणि अंतरपाट कोण धरणार हे लेकीला आजच विचारून ठेवा.