शाळिग्रामातला प्राणी

प्रश्न : आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. आतलं चक्र वज्रकीटकाने कोरलं, असं त्या सांगत. मुलगा म्हणतो, तो गोगलगायीचा शंख आहे. खरं काय? – एक वाचिका, मिरज

उत्तर : ताई, दगडात जीव होता हे आजेसासूबाईंचं म्हणणं खरंच आहे. फक्त त्याने दगड कोरला नाही. जीव आधी, दगड मागाहून. हे गोटे नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतात. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाच्या काळ्या गाळात ॲमोनाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे शंख पुरले गेले. चक्राचे आरे म्हणजे शंखावरच्या उंचवट्यांचा ठसा. आणि मुलालाही सांगा, गोगलगाय याची लांबची नातलग. जवळचे म्हणजे माकूळ आणि ऑक्टोपस.

माझ्या टेबलावर कच्छचा एक ॲमोनाइट आहे, मधोमध कापलेला. आत पडदे घातलेल्या खोल्याच खोल्या दिसतात. गोगलगायीच्या शंखात अशा खोल्या नसतात. प्राणी राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या खोलीत. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे नवा पडदा बांधायचा. सगळ्या पडद्यांतून एक बारीक नळी जाते. आज जिवंत असलेला नॉटिलस हा शंखवाला समुद्री प्राणी अशाच नळीने मागच्या खोलीतलं पाणी ओढून घेतो, तिथे वायू भरतो आणि शंख तरंगता राहतो. ॲमोनाइटचंही तसंच असणार. पण नॉटिलसची नळी पडद्याच्या मध्याजवळून जाते, ॲमोनाइटची बहुधा बाहेरच्या कडेने. म्हणून नॉटिलसचं सगळंच अंग उचलून ॲमोनाइटला चिकटवणं मला पटत नाही.

मऊ शरीर तर जवळजवळ कधीच टिकत नाही. म्हणूनच २०११ सालचा शोध मला फार मोलाचा वाटतो. बॅक्युलाइट्स नावाच्या सरळ शंखाच्या ॲमोनाइटमध्ये शक्तिशाली क्ष-किरणांनी जबडे आणि बारीक दातांची पट्टी दिसली. एकाच्या तोंडात इवल्या कवचधारी जीवांचे तुकडे आणि गोगलगायीचं एक पिल्लूही होतं! म्हणजे निदान हा तरी पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खात होता. तुमच्या शाळिग्रामातलाही तेच खायचा, असं मात्र यावरून म्हणता येणार नाही.

शाळिग्राम फोडू नका. अभिषेकानंतर ओला असतानाच टॉर्च तिरपा धरा आणि एकेक आरा बोटाने कडेपर्यंत न्या. काही आरे कडेजवळ दुभंगलेले दिसतील. मुलालाही दाखवा.